थंडीत पारखलेला बूट

"कापायचाच आहे ना शेवटी? मग कुठून कापायचा ते तुम्हीच सांगा, नंदाताई," कारखान्यातल्या सुपरवायझर राजेश्वरी मॅडम म्हणाल्या.

 नकार ऐकायची सगळी तयारी नंदाबाई घरून करून आली होती. नाही म्हटलं तर कसं हसायचं, कसं "असू द्या" म्हणायचं, हे तिनं वडिवळ्यापासून बसमध्ये घोकलं होतं. होकार मिळाला तर काय बोलायचं, हे मात्र ठरवलंच नव्हतं.

कान्ह्याहून टाकव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला तो कारखाना आहे. बर्फाच्या डोंगरावरून घसरत जायच्या शर्यती परदेशात होतात, त्या शर्यतींच्या बुटांची कवचं तिथं बनतात. आतली गादी, कड्या, पट्टे सगळं तिकडे बसवतात. इथं फक्त बाहेरचं जाड प्लास्टिकचं कवच. त्याला सगळे शेल म्हणतात. मावळात बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, नाहीतर मासेवाल्याच्या पेटीतला. त्यामुळे नव्यानं लागलेला माणूस पहिल्या दिवशी हसतो. दुसऱ्या दिवसापासून हसत नाही, कारण काम नाजूक आहे. शर्यतीतला माणूस वळणावर आपल्या नडगीचा सगळा भार बुटावर टाकतो. तिथं बुटानं कच खाल्ली, तर पायाखालची पट्टी बर्फ धरत नाही आणि माणूस भलतीकडे फेकला जातो. बूट अगदीच दगड निघाला, तर नडगी सोलून निघते. म्हणजे बुटानं लवायचं, पण ठरवून दिलेलं असेल तेवढंच. ते लवणं मोजायचं काम नंदाबाईचं.

हे मोजणं चाले थंड खोलीत. शेल रात्रभर तिथं उणे दहा अंशांवर ठेवलेले असत. सकाळी जाड कोट, कानटोपी चढवून नंदाबाई आत जाई आणि एकेक शेल यंत्राच्या लोखंडी पायावर चढवी. त्या पायाला सगळ्या बायका तंगडी म्हणत. तंगडी पुढं झुकली, की किती जोराला शेल किती लवला, याचा आकडा पडद्यावर येई. मानसी, तिची एकुलती एक मुलगी, दप्तर घेऊन शाळेत जात होती तेव्हापासून नंदाबाई हे करत होती. आता मानसी लग्न होऊन चाकणला नांदत होती. इतक्या काळात अंगठ्याला एक सवय लागून गेली होती. तंगडीवर चढवायच्या आधी ती शेलच्या मागच्या कण्यावर अंगठा दाबायची आणि मनाशी म्हणायची, हा पास, हा नापास. यंत्र बहुतेक वेळा तेच सांगायचं. याचा तिला अभिमान होता, आणि तो तिनं कुणाला बोलून दाखवला नव्हता.

नापास शेल तसाच भंगारात टाकायचा नाही, असा नियम होता. कुणी दोन नापास बूट जोडी लावून विकले आणि कुणाचा पाय मोडला तर? म्हणून प्रत्येक नापास शेल करवतीच्या यंत्रावर उभा चिरायचा, मगच पोत्यात. नंदाबाईला त्यातला एक शेल नवऱ्यासाठी हवा होता.

सोपानला गेल्या वर्षी फाल्गुनात झटका आला. भाताच्या पेंढ्याची वळई रचता रचता तो खाली बसला आणि त्याला उठता येईना. डावी बाजू गेली. हात थोडाफार परत आला, बोलणं जड का होईना पण परत आलं; डाव्या पावलानं मात्र साथ सोडली. उचललं की ते लोंबायचं आणि टेकवलं की आत मुडपायचं. दवाखान्यातून पायाला बांधायची पातळ पट्टी मिळाली होती. सोपान आडव्या हाडाचा माणूस, आणि वडिवळ्याच्या वाटा म्हणजे दगडधोंड्यांच्या. ती पट्टी दोनदा तडकली. दुसऱ्यांदा तडकली त्या दिवशी नंदाबाई थंड खोलीत एक शेल हातात घेऊन उभी होती. टाच धरणारा, घोटा धरणारा, पोटरीपर्यंत वर गेलेला. तिच्या मनात आलं, आपण वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पायांसाठी हेच करत आलोय की.

"पुढचं सगळं कापून टाकायचं," तिनं मॅडमना सांगितलं. "तळवा, टाच आन् मागचा कणा तेवढा ठेवायचा."

"मग झालं तर. कापला म्हणजे कापला," मॅडम म्हणाल्या. "नियम तर पाळला."

नापासांत सोपानच्या मापाचे दोन शेल होते. एक काळा, पुरुषांच्या मोठ्या शर्यतीचा. दुसरा लाल, पोरींच्या शर्यतीचा. त्याच्या चवड्यात बुडबुडा धरला होता म्हणून नापास. करवतीवर हौशीराम होता, नाणे मावळातला, नंदाबाईच्या माहेराकडचा.

"नंदाताई, काळा न्या की. गड्याच्या पायाला गड्याचाच बूट बरा," तो म्हणाला.

नंदाबाईनं दोन्ही शेल थंड खोलीत नेले. काळ्याच्या कण्यावर अंगठा दाबला. तो तसूभर हलला नाही. लाल दाबला, तो हट्टानं, पण लवला. लोणावळ्याच्या दवाखान्यात सोपानकडून व्यायाम करून घेणारी सृष्टी नावाची मुलगी म्हणाली होती, की पायाला आधार हवा पण थोडं लवलंही पाहिजे, नाहीतर सगळा भार गुडघ्यावर येतो. नंदाबाईनं लाल शेल पुन्हा दाबून पाहिला. सृष्टी म्हणते ते हेच, याबद्दल तिला जराही शंका उरली नाही.

"काळा दगड हाय, भाऊ. ह्योच काप," ती बाहेर येऊन म्हणाली.

हौशीरामनं लाल शेल कापला. मॅडमनी कडा घासून मऊ करवून घेतल्या. ऊब लागली की हे प्लास्टिक सैल पडतं, हे तिघांनाही माहीत होतं. त्यासाठी तर ती थंड खोली होती, आणि तिच्या दारावर तसा आलेखही चिकटवलेला होता. पण रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्या घडीला तिघांपैकी एकालाही सुचली नाही.

घरी नंदाबाईनं त्याला खालून टायरचा तुकडा ठोकून घेतला आणि मानसीच्या जुन्या दप्तराचे पट्टे लावले. सोपाननं पाय आत घातला, भिंत धरून उभा राहिला आणि भिंत सोडली. दोन पावलं टाकून तो थांबला. मग त्यानं मान वर केली.

"नंदे," तो म्हणाला, "मी काठी धरीन."

 इतके दिवस हा शब्द घरात कुणी काढला नव्हता.

चैत्रात गावच्या नाथाची यात्रा भरते. नाथाची काठी म्हणजे घराच्या आढ्यापेक्षा उंच वेळू. त्याला पांढरं कापड गुंडाळलेलं, टोकाला मोरपिसांचा जुडगा. कमरेला गुंडाळलेल्या कापडी शेल्यात बुंधा खोवून एकानं ती पेलायची आणि चौघांनी चार बाजूंनी दोर ताणून तोल सांभाळायचा. नदीवर अंघोळ घालून निघाली, की देवळाच्या पायरीपर्यंत काठी भुईला टेकवायची नाही. काठी पेलायचा मान सोपानच्या घराचा. आणि हा मान पुढच्याला द्यायची रीत पायरीवरचीच होती. देणाऱ्यानं म्हणायचं, "दिली." घेणाऱ्यानं म्हणायचं, "घेतली." सोपानच्या वडिलांनी अशीच त्याला दिली होती. वाटेत पेलणारा बसला किंवा पडला, तर जवळ असेल तो काठी सावरतो आणि पुढं नेतो. पण मग ती कुणी कुणाला दिलेली नसते. गेल्या चैत्रात सोपान दवाखान्यात खाटेवर होता. काठी कुणी दिली नव्हती म्हणून कुणी उचललीही नाही. ती देवळाच्या भिंतीला टेकूनच राहिली.

"जन्मभर धरायची म्हणत न्हाई मी," सोपान अडखळत म्हणाला. "एकदाच. पायरीपातूर न्यायची आन् आदिनाथाच्या हातात द्यायची. माझ्या हातानं."

आदिनाथ त्याचा पुतण्या. लोणावळ्याला पर्यटकांची गाडी चालवायचा. पोरगा भला होता, काठीवर त्याचा डोळा नव्हता. उलट तोच येऊन म्हणाला, "तात्या, तुमी नुसता हात लावा. पेलतो मी."

"हात लावाया मी काय पावना हाय व्हय?" सोपान म्हणाला.

प्रश्न निघाला तो पायताणाचा. काठी पेलणाऱ्यानं अनवाणी चालायचं असतं. देवळापुढच्या पारावर बैठक बसली, तेव्हा दोघातिघांनी हा मुद्दा काढला. त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. लाल बूट पारावर मधोमध ठेवला होता. केरबा आबा, गावातलं सगळ्यांत जुनं माणूस, त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"चामडं हाय का ह्यात?"

"न्हाई आबा. निस्तं प्लास्टिक," नंदाबाई पाराच्या खालून म्हणाली.

"आन् ह्यो काढला तर सोपानाला चालता येतंय?"

नंदाबाईनं नकारार्थी मान हलवली.

"मंग हे पायताण न्हवं," आबा म्हणाले. "पायताण काढल्यावर माणूस चालतो. ह्यो त्याचा पायच हाय. नाथाला लाल चालतंय. उठा आता."

त्यानंतर सराव सुरू झाला, तो झुंजुमुंजू व्हायच्या आत. सोपानला कुणी बघायला नको होतं. धडधाकट असताना ज्या बांधांवरून तो डोक्यावर भाताचा भारा घेऊन पळाला होता, त्याच बांधावरून लंगडताना गावानं आपल्याला पाहू नये, एवढंच त्याचं म्हणणं. नंदाबाईलाही ते पटत होतं. माघ-फाल्गुनातल्या मावळातल्या पहाटा. धरणाच्या पाण्यावर धुकं, गवतावर दव, बोलताना तोंडातून वाफ. तो कमरेच्या शेल्यात साधा बांबू खोवून चालायचा, ती मागून. लाल बूट इमानानं काम करत होता. टाच सरळ पडायची, पाऊल लोंबायचं नाही. उजाडलं की दोघं घरी. ती डबा घेऊन कामाला जायची आणि तो बूट काढून सावलीत बसायचा.

लोणावळ्याला जायचा वार आला, तेव्हा सृष्टीनं पाऊल तपासलं. दर खेपेला ती त्याला डोळे मिटायला लावायची आणि डब्यातला बर्फाचा खडा पावलावर फिरवायची.

"काका, काही जाणवतंय?"

"व्हय," सोपान म्हणायचा. "गार लागतंय."

नंदाबाई तेव्हा त्याच्या उशाशी उभी असायची. झटक्यानंतर ती फार थोड्या गोष्टींवर तगून होती, आणि त्यातली ही एक. त्या थंडीचं तिला जास्तच अप्रूप होतं, त्यालाही एक कारण होतं. पूर्वी ती कामावरून घरी आली, की सोपान उंबऱ्यातच म्हणायचा, "हात बगू तुजं." थंड खोलीनं गारठलेले तिचे हात तो आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळायचा. लोक काय म्हणतील याची पर्वा नाही, घरात सासू आहे याची पर्वा नाही. झटका आल्यापासून ते बंद पडलं होतं. एका हातानं कसं चोळणार, म्हणून त्यानं विचारलंच नाही, आणि तिनंही आपणहून हात पुढं केला नाही.

यात्रेचा दिवस आला. मानसी पोराला बरं नव्हतं म्हणून येऊ शकली नाही. नदीवर काठीची अंघोळ झाली, आबांनी गुलाल लावला आणि सोपाननं बुंधा शेल्यात घेतला. उजवा हात काठीवर घट्ट, डावा नुसता ठेवलेला. चौघांनी दोर ताणले. पुढचा दोर आदिनाथकडे. ढोल सुरू झाला. सोपान उभा राहिला तो असा, की बघणाऱ्यांतल्या काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला. नंदाबाईनं लावला नाही. ती त्याच्या डाव्या अंगाला, एक पाऊल मागं होती आणि तिची नजर लाल बुटावर होती.

बांधावरची वाट त्यानं झोकात पार केली. लोक "नाथाच्या नावानं" म्हणत होते, पोरं पुढं नाचत होती. तिथून वाट डांबरी रस्त्याला लागली. ऊन डोक्यावर यायला आलं होतं; काठी कळसाला लावायची ती बरोब्बर त्याच वेळी. अनवाणी पोरं डांबर सोडून कडेच्या मातीत उतरली. सोपानचा उजवा पाय अनवाणी होता. तो पोळत असणार, पण त्यानं तोंडावर काही दिसू दिलं नाही.

आणि नंदाबाईला दिसलं, की डावी टाच आत कलली. एकदाच. मग पुन्हा. ती पटकन वाकली, पट्टे आवळले. चार पावलं बरी पडली. मग चवडा रस्त्याला घासला आणि वर काठीच्या टोकाचा एवढा मोठा झोक गेला, की मागच्या दोरवाल्यांनी अंग टाकून ताण दिला. गर्दीतून "आरं आरं" झालं. सोपाननं तोल सावरला, पण मान लालबुंद झाली होती.

नंदाबाई पुन्हा बसली. पट्टे तर आवळलेलेच होते. मग सवयीनं तिचा अंगठा बुटाच्या कण्यावर गेला, आणि तो आत गेला. सहज, मळलेल्या कणकेत जावा तसा.

ती क्षणभर तिथंच, रस्त्यावर, बसून राहिली. तिला सगळं एकदम कळलं. आपण हा बूट थंडीत पारखला. आपल्या अंगठ्याला थंडीशिवाय दुसरं काही ठाऊकच नव्हतं. त्यानंतर रोज पहाटेच्या गारव्यात चालवला, कुणी बघू नये म्हणून. एकदा, फक्त एकदा दुपारी चालवला असता, तर कळलं असतं. हौशीराम काळा घे म्हणत होता. या उन्हात तो काळा दगडच नेमका बरोबर लवला असता. तिला स्वतःचा असा संताप आला, की तो अंगठा दगडावर ठेचावा. हा माणूस वर्षभर ज्या एका वाटेसाठी जगला, ती वाट आपण आपल्याच हातानं मोडली.

"काकू," दोर न सोडता आदिनाथ हळूच म्हणाला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "तात्या पडतील. मी घेऊ का काठी?"

"न्हाई," सोपान वरूनच म्हणाला. तो कुणाकडे बघत नव्हता, फक्त मोरपिसांकडे बघत होता. देऊळ समोर दिसत होतं, पायरीसुद्धा दिसत होती. त्या पायानं तिथवर जाणं शक्य नव्हतं, आणि हे आता त्यालाही कळलं होतं.

नंदाबाई उठली. "आबा, वाजवायचं थांबवू नका," ती ओरडली. "जाग्यावर वाजवा. दोर सोडू नका कुणी."

"आगं कुटं निघालीस?" केरबा आबांनी विचारलं, पण ती पळत सुटली होती. यात्रेतली दुकानं रस्त्याच्या कडेनं लागलेली. पाळणा, बांगड्या, चिक्की, आणि चिंचेखाली बर्फाच्या गोळ्याची गाडी. गाडीवर गोणपाटाखाली बर्फाची लादी होती.

"दादा, समदी दे. फोडून दे," ती म्हणाली.

"मावशी, समदी? आन् धंदा?"

"आरं नाथाची काठी आडलीय."

त्यानं एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि टोचा मारून लादी फोडली. गोणपाटही दिलं. गारढोण पाणी ठिबकवत ती तसंच छातीशी धरून आली आणि रस्त्यावर फतकल मारून बसली. बुटाच्या कण्याला, टाचेला, घोट्याच्या दोन्ही अंगांना बर्फ लावला, वरून गोणपाट गुंडाळलं, पदराची कड फाडून आवळलं, आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. आज हातांत कामावरचे जाड मोजे नव्हते. आधी बोटं जळाल्यासारखी झाली, मग त्यांच्यात काही राहिलंच नाही. ढोल एकाच जागी घुमत होता. लोक बघत होते. कुणाला काही उमजत नव्हतं, पण हसलं कुणी नाही.

एवढा बर्फ, एवढा वेळ. तिला वाटलं, माणसाच्या पायाला हे सोसायचं कसं? तिनं मान वर केली.

"लय गार लागतंय का वो? सोसतंय न्हवं? जराच थांबा."

सोपान मोरपिसांकडेच बघत होता. "काय लागतंय?" त्यानं विचारलं.

"बर्फ. पायाला लावलाय न्हवं."

त्यानं खाली पाहिलं. गोणपाट दिसलं, तिचे लालभडक झालेले हात दिसले, रस्त्यावर पाण्याचा ओघळ दिसला. "कवा लावलास?" तो म्हणाला. आणि पुढं काही बोलायच्या आत त्याच्या ध्यानात आलं, की आपण काय बोलून गेलो.

दोघांची नजर एक झाली. लोणावळ्याच्या त्या खोलीत डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज व्हायचा, हे नंदाबाईला आता आठवलं. झाकण वाजलं की तो म्हणायचा, गार लागतंय. दर खेपेला. तिच्यासाठी म्हणायचा.

तिनं मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी बर्फाच्या पाण्यात गेलं. बरंच झालं, कुणाला वेगळं काढता येणार नव्हतं. मग तिनं गोणपाटाच्या फटीतून अंगठा आत सारला आणि कण्यावर दाबला. बधिर अंगठ्याला धड कळेना. पुन्हा दाबला, सगळा जोर लावून. कणा हट्टाला पेटला होता. थोडाच लवला, आणि थांबला.

"चला," ती म्हणाली. "लगीच चला. हे फार येळ ऱ्हायचं न्हाई."

सोपान चालला. बर्फाचं ओझं बांधलेला तो पाय जड उठत होता, पण सरळ पडत होता. टाच, मग चवडा. टाच, मग चवडा. नंदाबाई वाकून, जवळजवळ रांगतच, त्याच्या बाजूनं जात होती आणि सरकणारं गोणपाट धरत होती. ढोलवाल्यांनी त्याच्या पावलांवर ठेका धरला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाळण्याचा माणूस पाळणा थांबवून उभा राहिला. केरबा आबा पुढं चालत होते, आणि म्हातारपणीही ते उलट्या पावलांनी चालत होते, काठीला पाठ होऊ नये म्हणून.

पायरी आली. सोपाननं उजवा पाय वर ठेवला. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग डावा उचलला आणि त्याच्या शेजारी आणून टेकवला.

"आदिनाथ," त्यानं हाक मारली.

आदिनाथनं दोर दुसऱ्याच्या हातात दिला आणि समोर येऊन उभा राहिला. त्याच्या कमरेला आबांनी शेला बांधला. सोपाननं उजव्या हातानं बुंधा उचलला. किती उचलावा लागतो, हे ज्यानं तो पेललाय त्यालाच कळेल. आणि तो आदिनाथच्या शेल्यात ठेवला. झटक्यानंतर त्याचं बोलणं जड होतं, शब्द एकमेकांत अडकायचे. पण हा एक शब्द सगळ्या यात्रेला ऐकू गेला.

"दिली."

"घेतली," आदिनाथ म्हणाला. त्याचाच आवाज फुटला होता.

काठी वर देवळाच्या आवारात गेली. काठीच्या मागं ढोल गेला, गुलाल गेला, सगळं गाव गेलं. वरच्या पायऱ्या सोपानला चढणं नव्हतं. तो त्याच पायरीवर हळूहळू खाली बसला आणि नंदाबाई त्याच्या शेजारी बसली. तिनं गोणपाट सोडलं. उरलेला बर्फ पायरीवर पडून वितळायला लागला. खालच्या रस्त्यावर चिंचेपासून पायरीपर्यंत पाण्याची एक वाकडी रेघ होती, आणि ती चिंचेकडून वाळत येत होती. बूट पुन्हा मऊ पडत चालला असेल. तिनं दाबून पाहिलं नाही.

तिला बोलायचं होतं. चूक माझी, मी थंडीत पारखला, असं सांगायचं होतं. लोणावळ्याचं विचारायचं होतं.  हात मांडीवर नुसते पडून होते, बोटं वाकत नव्हती.

"हात बगू तुजं," सोपान म्हणाला.

तिनं आधी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. मग दोन्ही हात त्याच्या पुढं धरले. त्यानं ते आपल्या उजव्या तळव्यात घेतले आणि दचकला.

"आगं आई, केवढं गार पडलंय," तो म्हणाला.

वर कळसाला काठी टेकली असावी, कारण घंटा वाजायला लागली. सोपाननं उजव्या हातानं आपला डावा हात मनगटाशी धरून उचलला, आणून तिच्या हातांवर ठेवला, वरून उजवा हात झाकला, आणि पूर्वीसारखं चोळायला सुरुवात केली.